सिस्टर आपांची व्हिजिट

सिस्टर आपांसमोर नुसती मान डोलवायची सोय नव्हती. समोरचा बोलत असतो आणि आपण 'हो, हो' करत मान हलवत असतो, ती आपली सगळ्यांची सवय त्यांना खपत नसे. त्या बोलणं थांबवायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "समजलं, का समजल्यावानी केलं?" दारव्ह्यात हा प्रश्न त्यांनी बँकेतल्या साहेबाला विचारला होता, औषधाच्या दुकानदाराला विचारला होता आणि स्वतःच्या सख्ख्या भावाला तर रोज विचारत. एकदा बाजाराच्या दिवशी फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन निघालेल्या एका अनोळखी शेतकऱ्याला त्यांनी भर रस्त्यात थांबवलं. एका पंपाला किती टाकायचं ते दुकानदारानं सांगितलं का, म्हणून विचारलं. तो मान हलवून पुढे निघाला, तर त्या त्याच्यासोबत चालू लागल्या. शेवटी त्याला परत दुकानात नेलं, माप विचारायला लावलं, आणि ते त्याच्या तोंडून दोनदा म्हणवून घेतल्यावरच सोडलं. तो माणूस वैतागला होता. आपांना त्याचं काही वाटलं नाही.

त्यांचं खरं नाव हमीदा. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या म्हणून सिस्टर, आणि मोहल्ल्यात सगळ्यांहून मोठ्या म्हणून आपा. दोन्ही शब्दांचा अर्थ बहीणच होतो, हे मी एकदा त्यांना म्हटलं, तर म्हणाल्या, "लोकं दोन डाव बहीण म्हणते, म्हणून दोन डाव काम सांगते." आणि ते खरंच होतं. दवाखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाची जखम धुवायची असो, निरोप त्यांच्याकडेच जायचा. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ सलीमभाई, त्यांची बायको आणि मुलगी रुबिना यांच्यासोबत त्या राहत. वडील पिंजारी होते. सलीमभाईंनी पुढे कापूस पिंजायचं विजेचं यंत्र बसवून गाद्यांचं दुकान केलं. दुकान पुढे, घर मागे. त्यामुळे त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर कापसाचं बारीक तूस असायचं. आपांच्या जर्मन शब्दकोशाचं पान उलटायच्या आधी फुंकर मारावी लागायची.

पिंजाऱ्याच्या घरात जर्मन शब्दकोश कसा आला, ते पुढे सांगते. मी त्यांच्याकडे गेले ती नापास झाल्यामुळे. माझं गाव दारव्ह्यापासून आठ किलोमीटरवर. वडिलांची कपाशी-तुरीची शेती. मी नर्सिंग करून यवतमाळला एका खासगी दवाखान्यात तीन वर्षं नोकरी केली. मग जर्मनीत नर्स पाहिजेत असं कानावर आलं आणि मी नागपुरात भाषेचा क्लास लावला. बी-टू पातळीची परीक्षा पास झाल्याशिवाय तिकडचं काम पक्कं होत नाही. लिहिणं, वाचणं, ऐकणं जमलं. बोलण्यात मात्र गेले. परीक्षक बाईंनी काहीतरी विचारलं, मला ते कळलं नाही, आणि मी हसून "या, या" म्हणत राहिले. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो.

माझ्या काकूच्या पायाला तेव्हा मोठी जखम झाली होती आणि ड्रेसिंग करायला आपा आमच्या घरी यायच्या. आईनं त्यांना माझी हकिकत सांगितली. त्यांनी पट्टी बांधता बांधता मला जर्मनमध्ये नाव-गाव विचारलं. मी चाटच पडले. त्यांचा उच्चार माझ्या नागपूरच्या क्लासमधल्या कुणाहीपेक्षा सफाईदार होता. मिशनच्या दवाखान्याच्या मुख्य सिस्टर जर्मन होत्या, त्यांच्या हाताखाली आपांनी अकरा वर्षं काढली होती. घरातला शब्दकोशही त्यांनीच दिलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी ये, एवढं सांगून त्या गेल्या.

पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन जीपनं पोचले. आपांनी विचारलं, जर्मन दवाखान्यात सकाळी 'व्हिझिटे' असते, ती म्हणजे काय? मी म्हटलं, व्हिजिट, म्हणजे भेट, कुणी भेटायला येतं ती. आपांनी समोरचं पुस्तक मिटलं. "मंग तू नातेवाइकाईची वाट पाहत बसशीन, अन् डॉक्टर तुही वाट पाहत बसन. जाय. उद्या पाहून येजो." झालं, तेवढाच त्या दिवसाचा वर्ग. आठ किलोमीटर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली मी पाच मिनिटांत परत. मला फार राग आला. घरी गेल्यावर मोबाइलवर शोधलं. जर्मन दवाखान्यात व्हिझिटे म्हणजे डॉक्टरांचा वॉर्डातला राउंड. नातेवाईक भेटायला येतात त्याला वेगळाच शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं. दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवतात तसलं, लाल कापडी पाठीचं. आतल्या पानांवर आडव्या ओळीत एकेक शब्द आणि उभे रकाने पाडलेले: इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश. दवाखान्यात जर्मन मुख्य सिस्टर, औषधं सांभाळणारी हॉलंडची नर्स आणि डेन्मार्कच्या डॉक्टर बाई अशा तिघी होत्या. आपसात इंग्रजी बोलायच्या, पण घाईत आपापल्या भाषेतला शब्द तोंडात यायचा. या भाषा सख्ख्या-चुलत बहिणी. त्यांनी लॅटिनमधून घेतलेले शब्दही तेच, पण एकाच घरातून नेलेलं भांडं एकीनं पाण्याला वापरावं, दुसरीनं पिठाला, तशातली गत. आपांनी असे दीडशेच्या वर शब्द लिहून ठेवले होते. पहिल्याच पानावर पहिलाच शब्द होता, व्हिजिट.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाहायला जाणं. इंग्रजीत त्याची भेट झाली. आपल्याकडे इंग्रजीतून आल्यावर, डॉक्टर घरी येऊन तपासतो ती व्हिजिट झाली, आणि त्याची फी. जर्मनमध्ये डॉक्टरांचा राउंड. डचमध्ये घरी चहापाण्याला आलेले पाहुणे. डॅनिशच्या रकान्यात दोन अर्थ होते. पहिल्यापुढे लिहिलं होतं, पोलिसांनी अंगाची झडती घेणं. दुसरा अर्थ लाल शाईत होता: पेशंट तपासून त्याला कुठल्या दवाखान्यात पाठवायचं ते ठरवणं. लाल शाई का, असं मी विचारलं. आपा म्हणाल्या, आधी बाकीचे पाठ कर.

डच अर्थाची गोष्ट मात्र त्यांनी हसत सांगितली. हॉलंडची नर्स नवीन आली होती. जर्मन सिस्टरनं तिला सांगितलं, उद्या दहाला मोठी व्हिझिटे आहे, तयारी ठेव. त्या बिचारीनं सकाळी व्हरांड्यात टेबलावर धुतलेली चादर घातली, दहा कप मांडले आणि स्वतःच्या हातानं केक केला. तिकडे वॉर्डात डॉक्टर केसपेपरसाठी खोळंबलेले, इकडे ही पाहुण्यांची वाट बघत उभी. "केक चांगला झालता," आपा म्हणाल्या. "आम्ही साऱ्याईनं खाल्ला. मी तं दोन डाव."

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे पेशंट होणं. त्या खाटेवर आडव्या व्हायच्या आणि कधी हाड मोडलेल्या आजी, कधी बहिरे आजोबा, कधी चिडलेली बाळंतीण होऊन माझ्याशी जर्मन बोलायच्या. पुढच्या दुकानात सलीमभाईंचं यंत्र घरघरत असायचं. एकदा मी म्हटलं, या आवाजात ऐकूच येत नाही. त्यांनी सलीमभाईंना हाक मारून सांगितलं, यंत्र बंद करू नको, आणखी तासभर चालव. वॉर्डात काही मशिदीसारखी शांतता नसते, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात पत्र्याखाली अंग भाजून निघायचं, तरी तीन ते पाच हा वर्ग चुकला नाही. रमजानच्या महिन्यात रोजा असतानाही त्या बहिरे आजोबा होऊन ओरडायच्या आणि मध्येच मला पाणी पी म्हणायच्या.

पाच महिन्यांनी मी परत परीक्षेला बसले. परत बोलण्यातच गेले, या वेळी थोडक्या गुणांनी. परीक्षकांनी भराभरा विचारलं आणि माझी जुनी सवय उसळून आली. मी मान हलवली आणि भलत्याच गोष्टीचं उत्तर दिलं. घरी एक स्थळ आलेलं होतं. मुलगा राजूरला कोळशाच्या खाणीत कायम नोकरीला, माणसं चांगली. वडील म्हणाले, तुझी मर्जी. त्यांनी जबरदस्ती केली असती तर मला भांडता तरी आलं असतं. मी ठरवलं की पुरे झालं, आणि आपांना तसं सांगायला गेले.

तो महिन्यातला पहिला गुरुवार होता. आपा खांद्याला पिशवी लावून निघतच होत्या. माझा निकाल त्यांना रुबिनाकडून कळला होता. त्यांनी मला फक्त सोबत चल म्हटलं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या कुठेतरी जातात एवढं मला माहीत होतं. कुठे ते कधी विचारलं नव्हतं.

जीपनं फाट्यापर्यंत, तिथून दोन किलोमीटर चालत आम्ही टेकडीखालच्या एका बंजारा तांड्यावर गेलो. लिंबाखाली खाट टाकून ठेवलेली होती. बायका जमल्या होत्या. त्या आपांना 'सिस्टर याडी' म्हणत होत्या. याडी म्हणजे त्यांच्या गोर बोलीत आई. आपांनी पिशवीतून ब्लडप्रेशरचं यंत्र काढलं आणि एकेका गरोदर बाईला खाटेवर बसवून तपासायला सुरुवात केली. पायांवर अंगठा दाबून बघत. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे गोर बोलीत विचारत. सरकारी नर्स येऊन गेली होती का, तिनं कोणत्या गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या, हे त्या बाईच्या तोंडून वदवून घेत. दोन तास हे चाललं. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं.

परतताना फाट्यावर जीप यायला उशीर होता. आम्ही दगडावर बसलो. मी सांगून टाकलं की मी आता परीक्षा देणार नाही, माझ्यानं होत नाही. आपांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी लाल शाईची हकिकत सांगितली.

त्या तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांच्या होत्या. याच तांड्यावरची जमनी नावाची बाई दवाखान्यात आली. आठवा महिना, पहिलंच बाळंतपण, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय. डॅनिश डॉक्टर बाईंनी तिला तपासलं. त्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावी शिबिराला जायचं होतं, गाडी दारात उभी होती. त्यांनी घाईनं केसपेपरवर दोन शब्द लिहिले, 'व्हिजिट' हा त्यांच्या भाषेतला शब्द अर्धा तोडून आणि पुढे 'नागपूर', आणि कागद आपांच्या हातात देऊन त्या गेल्या. त्यांना म्हणायचं होतं, तपासली आहे, नागपूरला पाठवा. आपांनी कागद जर्मन सिस्टरकडे नेला. नागपूरचे एक मोठे डॉक्टर दर गुरुवारी दवाखान्यात राउंडला येत. जर्मन सिस्टरनं वाचलं ते असं: व्हिझिटे, नागपूर, म्हणजे गुरुवारी नागपूरचे डॉक्टर राउंडला येतील तेव्हा दाखवा. तो दिवस मंगळवार होता. जमनीला वॉर्डात खाट दिली गेली.

आपांच्या मनात शंका आली होती. जमनीला तपासल्यावर डॉक्टर बाईंनी ड्रायव्हरला विचारलेलं त्यांनी ऐकलं होतं, दुसरी जीप कधी परत येईल म्हणून. राउंडला दाखवायच्या पेशंटसाठी जीप कशाला लागते? हा प्रश्न जिभेवर आला आणि त्यांनी गिळला. जर्मन सिस्टर वयानं मोठ्या, शिस्तीच्या. त्यांनी विचारलं, समजलं ना? आपांनी मान हलवली.

बुधवारी दुपारी जमनीला झटके आले. संध्याकाळपर्यंत ती गेली, पोटातलं मूलही गेलं.

फाट्यावर ऊन उतरत होतं. आपांचा आवाज नेहमीसारखाच होता. "शाळेतल्या संस्कृतच्या सरायनं मले एक डाव सांगतलं का, हा व्हिजिट अन् आपली विद्या एकाच मुळातले हाये. पाहनं अन् जाननं. मी म्हटलं, सर, पाह्यल्यानं समजत असतं तं काय पाह्यजे होतं. मी त्या बाईले दोन दिवस पाह्यलं. तिच्या उशाशी पाणी ठेवत होती मी."

डॉक्टर बाई शिबिरावरून परत आल्या तेव्हा सगळा उलगडा झाला. दवाखान्यानं आपांना एका शब्दानं बोल लावला नाही. जर्मन सिस्टर स्वतः रडल्या आणि चूक आपली म्हणाल्या. पण आपांना ते पुरेना. आठ दिवसांनी त्या केसपेपर घेऊन एकट्याच तांड्यावर गेल्या, जमनीच्या नवऱ्याकडे. हरसिंग त्याचं नाव. घरात सासू होती, दीर होते. आपांनी सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला, त्याचा अर्थ काय होता ते सांगितलं, आणि मला शंका आली होती, मी विचारलं नाही, हेही सांगितलं. दिरानं काठी उचलली. हरसिंगनं त्याला बसवलं. तो शब्द पुन्हा वाच म्हणाला. आपांनी वाचला. पुन्हा वाच म्हणाला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "आता समजला का तुले?" आपा म्हणाल्या, समजला. "मंग इथं येत जाय," तो म्हणाला. "आमच्या बाया तिथलोक पोचत नाही. तूच येत जाय."

त्या महिन्यापासून आपा जाऊ लागल्या. दवाखाना होता तोवर रजेच्या दिवशी, तो बंद पडल्यावर स्वतःच्या हिमतीवर. रजिस्टर त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. तिघींना समोर बसवून त्यांनी विचारलं होतं, या शब्दाला तुम्ही प्रत्येकजण काय म्हणता, मला लिहून द्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो गुरुवार चुकला नाही. एका पावसाळ्यात नाल्याला पूर होता तेव्हा पलीकडच्या बायका काठावर आल्या आणि आपा अलीकडून ओरडून ओरडून विचारत राहिल्या, हे मला नंतर तांड्यावरच्याच एकीनं सांगितलं. त्या वर्षांत त्या तांड्यावरच्या किती बायकांना त्यांनी वेळेवर पुढे पाठवलं ते त्यांनी मोजलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, न पाठवलेली एक माहीत आहे.

जीप आली. बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "परीक्षा देऊ नको, लगीन कर, काही हरकत नाही. पन नर्स राह्यशीन तं हे मान हालवनं सोडावंच लागते, राजूरले राह्य का जर्मनीले." मी घरी जाऊन आईला सांगितलं की पाहुण्यांना नाही कळवा.

तिसऱ्या वेळी परीक्षेत मला पहिलाच प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, मला हा प्रश्न समजला नाही, कृपया वेगळ्या शब्दांत विचाराल का? परीक्षक बाईंनी वेगळ्या शब्दांत विचारला. तो अगदी साधा प्रश्न होता. मी पास झाले.

व्हिसा लागून पासपोर्ट आला तेव्हा मी तो आपांना दाखवायला नेला. हाही शब्द त्याच घरातला, त्या म्हणाल्या. व्हिसा म्हणजे पाहिलेला कागद. मग त्यांनी रुबिनाला ट्रंक उघडायला लावली आणि आतून स्वतःचा जुना पासपोर्ट काढला. त्यातही जर्मनीचा शिक्का होता. जर्मन सिस्टरनं परत जाताना त्यांना पुढच्या शिक्षणासाठी सोबत न्यायची सगळी व्यवस्था केली होती. मी विचारलं, मग गेला का नाहीत? मला वाटलं, वडिलांचं आजारपण वगैरे असेल. आपा म्हणाल्या, तीन वर्षांचं शिक्षण होतं. तांड्यावर तीन वर्षं कोण गेलं असतं? वाईट वाटलं का, असंही मी विचारलं. "वाटलं नं. आतालोक वाटते," त्या म्हणाल्या, आणि पासपोर्ट परत ट्रंकेत ठेवायला दिला.

निघायच्या दिवशी त्या दारव्ह्याच्या बसस्टँडवर आल्या. आई रडत होती, वडील सामान मोजत होते. आपांनी मला बाजूला घेतलं. "तिथं तुले घडीघडी इचारा लागन. लोकं हासतीन. हासल्यानं कोनी मरत नाही, पोरी." बस सुटेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. कुणाचं तरी ड्रेसिंग राहिलं होतं.

इथे जर्मनीत पहिल्याच आठवड्यात व्हिझिटेच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या गावाकडच्या बोलीत भरभर काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा तसंच सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, समजलं नाही. मागे कुणीतरी हसलं. मुख्य नर्सच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सावकाश सांगितलं. एक रोजची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी द्यायची होती, इतकंच. वॉर्डात काही दिवस मला मठ्ठ समजलं गेलं. मी दर वेळी विचारत राहिले. महिन्याभरानं सोबतची केरळची मुलगीही विचारू लागली, आणि मग एकदा एक जर्मन नर्ससुद्धा.

मी इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी आपांना यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. पोटात गाठ होती. रुबिना रोज व्हिडिओ कॉल लावून द्यायची. एका सकाळी आम्ही बोलत असतानाच तिथले डॉक्टर आले. रुबिनानं फोन उशीजवळ ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी सलीमभाईंना इंग्रजी शब्द घालून बरंच काही सांगितलं. सलीमभाई 'जी, जी' म्हणत होते. मग आपांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "डॉक्टर साहेब, माह्या भावाले समजलं नाही. तो समजल्यावानी करून राह्यला. त्याले मराठीत सांगा, मी वाचत नाही म्हणून." मग डॉक्टरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्यांनी सलीमभाईंना सावकाश, मराठीत, सगळं सांगितलं. सलीमभाई रडू लागले. आपांनी त्यांना रडू दिलं. नंतर त्यांनी विचारलं, आता घरी नेतोस का? सलीमभाईंनी त्यांना त्याच दुपारी घरी नेलं.

सतरा दिवसांनी त्या गेल्या. मला रजा मिळाली ती दोन महिन्यांनी. मधल्या दोन पहिल्या गुरुवारी तांड्यावर कुणीच गेलं नव्हतं, हे रुबिनानं मला सांगितलं. मी गावी पोचल्यावर तिसरा आला. मी आपांचं ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन गेले. सोबत सुनंदाला घेतलं. ती नागपूरच्या क्लासमधली माझी मैत्रीण. भाषेचा नाद सोडून ती दारव्ह्यातच नर्स म्हणून नोकरीला लागली होती.

लिंबाखाली खाट टाकलेली होती. बायकांनी आपांबद्दल फार काही विचारलं नाही. त्यांना कळलेलं होतं, आणि त्यांनी आपल्या रीतीनं रडून घेतलं होतं. एक म्हातारी आली, माझे दोन्ही हात धरून काहीतरी म्हणाली, आणि बाजूला बसली. नऊ जणी होत्या. शेवटची एकोणीस-वीस वर्षांची, सातवा महिना. काही त्रास नाही म्हणाली. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. ब्लडप्रेशर मोजलं, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं, सुनंदालाही मोजायला लावलं. आजच यवतमाळला नेलं पाहिजे, असं मी तिच्या सासूला सांगितलं. सासूनं मान हलवली. मी उठले होते, ती परत खाली बसले. पुन्हा सांगितलं, का न्यायचं ते, नेलं नाही तर काय होईल ते. मग तिला म्हटलं, आता तुम्ही मला सांगा. तिला सांगता आलं नाही. चौथ्या वेळी आलं, आणि सांगता सांगता तिचा चेहरा बदलला. ती उठून घरात पैसे नि लुगडं घ्यायला धावली. आम्ही मुलीला बैलगाडीतून फाट्यावर आणलं आणि तिथून जीपनं यवतमाळला नेलं. बाळ महिनाभर काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. दोघी सुखरूप आहेत, मुलगी झाली.

यवतमाळहून आम्ही परत निघालो. दारव्हा आल्यावर सुनंदा म्हणाली, पुढच्या गुरुवारी मी जाईन, पण मला सगळं येत नाही. मी म्हटलं, येत नसेल तिथे मला फोन कर, कितीही वेळा कर.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी दुपारची ड्युटी मागून घेते. उन्हाळ्यात इथे सकाळचे सहा म्हणजे तिकडचे साडेनऊ. तेव्हा सुनंदा फाट्यावर उतरते. तांड्यापर्यंत चालायला तिला अर्धा तास लागतो, तिकडच्या दहाच्या सुमारास पहिला फोन येतो. परवाच्या गुरुवारी सुनंदानं अकरा वेळा फोन केला. शेवटच्या वेळी तिलाच लाज वाटली, ताई, तुम्हाला फार त्रास देते म्हणाली. मी तिला बारावा प्रश्न विचारायला सांगितला.